येरुहामचा तलाव आणि बाबांचे गळ

येरुहामच्या तलावाविषयी दोन शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आपल्या समाजातील जी कुटुंबे नेगेवमध्ये वसली, त्यांना हा तलाव परिचित आहे; लोद-अश्दोदकडील वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिलाही नसेल. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रेव्हिवीम ओढ्यावर बांध घालून तो करण्यात आला. शेतीसाठी पाणी साठवावे हा हेतू होता. परंतु येथे वर्षाकाठी पाऊस पडतो सरासरी १०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि उघड्या पाण्याची वाफ होते ती दोन मीटरांच्या घरात. हा हिशेब कोणत्या तलावाला परवडेल? हिवाळ्यात एखादा पूर आला की तो भरतो, आणि उन्हाळाभर त्याचा काठ आत आत सरकत जातो.

आमचे वडील मूळचे अलिबागकडचे. तिकडे एकाच पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरलेला हा मनुष्य येथील पाण्याला प्रथम 'डबके'च म्हणाला. तरीही शुक्रवारी पहाटे, कारखान्यातील पाळी नसली की, काठी, बुचाचा तरंगा व पावाचा मळलेला गोळा घेऊन ते निघत. गळाला लागे तो कार्प. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, खवले-पंख असलेला. म्हणजे धर्माच्या दृष्टीने बिनतक्रार. तक्रार होती ती आईची. गावाचे सांडपाणी त्या काळी तलावात येई. "तो मासा माझ्या पातेल्यात पडायचा नाही," असे तिने बजावून ठेवले होते. म्हणून बाबा धरलेला मासा सोडून देत, आणि परतताना बाजारातून कार्प विकत आणीत. शब्बाथला नारळाच्या दुधातली कढी होई ती त्याची. शेजारी हसत. खरे सांगायचे तर मलाही लाज वाटे.

१९९९ साली देशात मोठा दुष्काळ पडला. शेतीच्या पाण्यात कपात झाली. आमच्या तलावात बांधाजवळच्या खोलगट भागात तेवढे पाणी उरले. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि रात्री शेवाळही तोच वापरते. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडीत होते. हातानेही धरता आले असते. माझा दहा वर्षांचा मुलगा बादली घेऊन चिखलात उतरला, आणि मीही विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

बाबा दगडावर बसून होते. त्यांनी काठी सोडलीच नव्हती.

"बादली खाली ठेवा," ते म्हणाले.

"नाहीतरी मरणारच आहेत ते, बाबा. निदान मांजरे तरी खातील."

"पाणी असते तेव्हा मासा आपल्याला फसवू शकतो. आज तो काय करील? बगळ्यांना खाऊ द्या."

उन्हाने व चिखलाने मी त्रासलो होतो. मी म्हणालो, "तीस वर्षे गळाने त्यांची तोंडे फाडलीत, आणि दया आजच आली?"

मुलासमोर मी हे बोललो. बाबांनी उत्तर दिले नाही. काठी उचलून ते घराकडे चालू लागले, आणि त्यानंतर पुन्हा तलावावर आले नाहीत. पुढे पूर आला, तलाव भरला. बांधाजवळच्या पाण्यात काही मासे तगले असावेत, कारण ते पुन्हा दिसू लागले. मी दोन-तीनदा "चलता का?" म्हणून विचारले. गुडघे दुखतात, असे ते सांगत.

२००१ मध्ये बाबा वारले. सात दिवसांचा शोक संपल्यावर त्यांच्या वस्तू आवरताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात दोरा, बुचे आणि वीस-बावीस गळ होते. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा निसटत नाही आणि काढताना त्याचे तोंड फाटते, तो काटा प्रत्येक गळावरून कानशीने घासून गुळगुळीत केलेला होता. काही गळ इतके जुने की गंजून काळे पडलेले; घासलेले तेही होते.

ते गळ मी अजून वापरतो. निम्मे मासे निसटतात.