झे. सोलकर

चेंबूरच्या गांधी मैदानात परवा स्वीप बसला आणि शॉर्ट लेगच्या पोरानं पाठ फिरवली. डोक्यावर हेल्मेट होतं, नडग्यांवर गार्ड. म्हाताऱ्या स्कोअररला पोराचा राग आला नाही. एकनाथ सोलकर आठवला.

सोलकर त्याच जागी बोडक्या डोक्यानं उभा राहायचा, बॅटपासून दोन पावलांवर, चेंडू हाती येईपर्यंत डोळे न मिटता.

स्कोअररच्या मनातून एक झेल जात नाही. २३ ऑगस्ट १९७१, ओव्हल. त्यानं तो ट्रान्झिस्टरवर ऐकला. पहिल्या डावात ९० काढलेला अ‍ॅलन नॉट, वेंकटराघवनचा चेंडू, आणि सोलकर पुढे सूर मारून आडवा. नॉट १. इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं, दुसऱ्या दिवशी भारत जिंकला, इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत, आणि असावेतच. पण त्याच सामन्यात सोलकरनं ४४ धावा केल्या, २८ धावांत ३ बळी घेतले, हे कोण सांगतं? २७ कसोटींत ५३ झेल. बळी मात्र जमा होतो गोलंदाजाच्या खाती. आयुष्यभर वह्या भरणाऱ्या माणसाला हा अन्याय वाटतो, आणि तो तसं बोलून दाखवतो.

अन्यायावरून त्याला मध्येच पालवणकर बाळू आठवतो. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडणारा, लाटणारा पोरगा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा गोलंदाज. जातीपायी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही.

बाळू मुंबईच्या ज्या हिंदू जिमखान्याकडून खेळला, तिथंच पुढे सोलकरचे वडील धोंडू माळी होते. मैदानातल्याच खोलीत बिऱ्हाड. सामन्यांच्या वेळी लहानगा एकनाथ धावफलकाचे आकडे बदलायचा. ही गोष्ट सांगताना स्कोअररचा आवाज मऊ होतो.

तिथून वानखेडे जेमतेम एका स्टेशनावर. १९७५ मध्ये तिथली पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडिज. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ पुढे सोलकरचे १०२ झाकले गेले. कसोटीतलं त्याचं एकुलतं एक शतक. झेलांसाठी इतकं भांडून झाल्यावर स्कोअरर सांगतो, मला विचाराल तर ती खेळी त्याहून मोठी. कितीतरी धावांनी मागे असलेल्या संघासाठी माळ्याचा मुलगा आपल्याच गावात उभा राहिला होता.