नाव काय गो तुजा?

माझा भाचा नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. गेल्या ईदला घरी आला तेव्हा त्याने एक मजेदार गोष्ट सांगितली. त्याच्या कंपनीने सर्वांचे गट पाडले, प्रत्येक गटाच्या हातात कोड्यांचा कागद दिला आणि शहरात सोडून दिले. टॅक्सी करायची नाही. लोकांना विचारत जायचे, ठिकाण शोधायचे, उत्तर लिहायचे आणि पुढच्या ठिकाणाकडे धावायचे. "खाला," तो म्हणाला, "तीन वर्षे मी त्या शहरात आहे, पण मला घर, ऑफिस आणि मशीद एवढेच माहीत होते. शहर कळले ते त्या एका दिवसात."

मी शिक्षिका. कोणी काही नवीन सांगितले की माझ्या डोक्यात आधी वर्ग येतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, याच रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. आमच्या मुलांनी मुंबईला जाताना पेण कितीदा तरी पाहिले आहे, पण एसटीच्या खिडकीतून. पेण म्हणजे गाडी दहा मिनिटे थांबते ते स्टँड. रोहा म्हणजे कुठल्या तरी फूफीच्या घरचे लग्न. दुबईतल्या मॉलची नावे त्यांना पाठ आहेत. आपल्या जिल्ह्यातली ही दोन गावे मात्र त्यांना परदेशच.

आणखी एक कारण होते, आणि खरे तर तेच मोठे. आमची शाळा दहावीपर्यंत. पुढे शिकायचे तर तालुक्याच्या गावी जावे लागते, आणि तिथे सारे मराठीत नाहीतर इंग्रजीत. दरवर्षी दोन-तीन हुशार मुली दहावीनंतर घरी बसतात. अंतर आहे, पैसे नाहीत, सोबत नाही, अशी कारणे घरचे सांगतात. पण नववीतली एक मुलगी मला एकदा हळूच म्हणाली, "मिस, मला मराठी लिहिता येते. बोलले की सगळे हसतात."

म्हणून गेल्या जानेवारीत, एका रविवारी, शाळेने एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. नववीची वीस मुले, चौघाचौघांचे पाच गट. दहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. पेणला चार, नागोठण्याला दोन, रोह्यात चार. शेवट रोहा स्टेशनवर. पहिल्या पोहोचणाऱ्या गटाला वीस गुण जादा, पुढच्यांना पंधरा, दहा, पाच आणि शेवटच्याला शून्य. मोबाइल बंद. उत्तर लोकांच्या तोंडूनच मिळवायचे, आणि विचारायचे ते मराठीत. प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस, पण त्याने नुसते मागून चालायचे. ते बोलले तर गटाचे पाच गुण कापायचे.

निघण्यापूर्वी एका पालकांनी हरकत घेतली. पेणच्या यादीत गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. "मिस, तिथे आपल्या मुलांचे काय काम?" मी म्हटले, "आपण पूजेला जात नाही, कारागिराला त्याचे काम विचारायला जातो. तरीही मनाला पटत नसेल तर तुमच्या मुलाचा गट तो प्रश्न सोडून देईल. तुम्हीच त्यांच्याबरोबर चला आणि तिथे काय ते ठरवा." ते व्यवसायाने रंगारी, घरे आणि होड्या रंगवतात. थोडा विचार करून ते यायला तयार झाले.

पेणला उतरलो. पहिला प्रश्न असा होता: या तालुक्यात १८९५ साली जन्मलेल्या एका माणसाने पुढे अरबी शिकून कुरआनातील निवडक आयतींचा संग्रह तयार केला. तो कोण, त्याचे गाव कोणते आणि तिथे जायचे कसे? उत्तर होते आचार्य विनोबा भावे, गाव गागोदे. गांधीजींनी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले नाव निवडले ते त्यांचे. पुढे १९५१ पासून भूदानासाठी ते देशभर पायी फिरले. भूदान आमच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचले होते. पण हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला आणि त्याने कुरआनचा इतका अभ्यास केलेला, हे एकालाही ठाऊक नव्हते.

मी ज्या गटामागे होते त्याची प्रमुख तीच मुलगी होती, बोलले की हसतात म्हणणारी. चौकशीच्या खिडकीपाशी गर्दी होती, म्हणून तिने बाकावर बसलेल्या दोन मुलांना विचारले. "त्यांचा नाव" आणि "त्यांचा गाव" असे काहीतरी तिच्या तोंडून निघाले. ती दोघे एकमेकांकडे पाहून हसली. एकाने तिची नक्कलही केली. तिचे कान लाल झाले. ती मागे आली, कागद मैत्रिणीच्या हातात दिला आणि सर्वांत मागे चालू लागली. मला बोलायची मनाई होती. ओठांवर आलेले शब्द गिळणे किती अवघड असते ते त्या दिवशी कळले.

दुसरा प्रश्न बाजारातला होता. पोपटी लावताना मडक्यात कोणता पाला घालतात, आणि पाणी किती? हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की आपल्याकडेही पोपटी होते. शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी मडक्यात भरायची, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पण ते काम घरातले पुरुष शेतावर करतात. मुलींना फक्त खाणे माहीत. रस्त्याच्या कडेला एक म्हाताऱ्या मावशी शेंगांचा ढीग लावून बसल्या होत्या. मैत्रीण विचारायला गेली, तिला शब्द सापडेना. मावशींनी मान वर केली, मागे उभ्या असलेल्या आमच्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काय पायजे गो बाय? नाव काय गो तुजा?"

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. मी गप्पच होते. तिने मावशींना नाव सांगितले, गाव सांगितले, आणि मग मराठीच्या तासाला कधी ऐकू न येणारी, घरी आईशी आणि नानीशी बोलतात ती कोकणी बोली तिच्या तोंडून सुरू झाली. मावशी त्यांच्या आगरी बोलीत बोलत होत्या, ही आपल्या बोलीत. एकीला दुसरीचे अडेना. पाला भांबुर्डीचा, आणि पाणी थेंबभरही नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सारे शिजते. उत्तर दोन मिनिटांत मिळाले, पण दोघी दहा मिनिटे बोलत होत्या. निघताना मावशींनी मूठभर शेंगा ओढणीत टाकल्या.

"मिस," ती धावत आली, "मावशीपण 'तुजा नाव' म्हणाल्या! मग स्टँडवरची मुले का हसली?"

वीस वर्षे मी वह्यांमधले 'तुमचा नाव' लाल शाईने खोडून 'तुमचे नाव' करते आहे. परीक्षेसाठी ते करावेच लागते, यापुढेही करीन. पण ज्याला मी उर्दूमुळे होणारी चूक समजत होते, तो या किनाऱ्यावरच्या बोलीचा रिवाजही आहे, हे मला त्या शेंगांच्या ढिगाशेजारी सुचले. आपण मुलांना सांगतो की उर्दू आपली आणि मराठी शिकायची. घरात बोलतो ती भाषा मराठीची सख्खी बहीण आहे, हे सांगायचे राहूनच जाते. मी तिला एवढेच म्हटले, "ती हसली, कारण त्यांना अजून गाव माहीत नाही." तेवढ्यासाठी माझ्या गटाचे पाच गुण मी स्वतःच कापले.

तिकडे कारखान्यात दुसरीच गंमत झाली होती. प्रश्न होते की शाडूची माती कुठून येते आणि कोणते काम सर्वांत जाणत्या कारागिराकडेच देतात. माती गुजरातमधून येते. आणि सर्वांत नाजूक काम डोळ्यांच्या आखणीचे. हात किंचित हलला तर आधीची सारी मेहनत वाया. पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर हेच काम चालते, हजारो घरे त्यावर जगतात, मूर्ती परदेशीही जातात. आमचे रंगारी पालक आधी दाराबाहेर उभे होते. मग रंगाचा वास आला. फवाऱ्याने रंग देणाऱ्या पोराला त्यांनी बाहेरूनच विचारले, "हा रंग दमट हवेत किती वेळात सुकतो?" झाले! गटाचे पाच गुण गेले. त्यांच्या मुलाने कपाळावर हात मारला. पण पुढची पंधरा मिनिटे दोन्ही रंगारी डबा, पातळ करायचे द्रव्य आणि भाव यांवर बोलत होते. पाणी पिऊन, फोन नंबर घेऊन मगच ते निघाले. गाडीत मला म्हणाले, "मिस, कामाचा माणूस आहे."

दुपारी नागोठण्याला थांबलो. डबे खाल्ले, जोहरची नमाज झाली आणि सगळे अंबा नदीवरच्या जुन्या पुलाकडे गेलो. प्रश्न: हा पूल कोणी बांधला, आणि तो इतका अरुंद का? लोकांची उत्तरे ऐकण्यासारखी होती. कोणी म्हणाले इंग्रजांनी, कोणी शिवाजी महाराजांनी, कोणी नुसतेच 'बादशहाने'. फक्त दोन गटांना नेमके सांगणारे वडीलधारे भेटले. चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी सुमारे १५८० साली, निजामशाहीच्या काळात तो बांधला. जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये खर्च तीन लाख रुपये दिला आहे. तेव्हा माल बैलांच्या पाठीवरून जात असे. रुंद रस्त्याची गरजच नव्हती.

एक मुलगा विचारात पडला. "मिस, काझी तर निकाह लावतात. पूल कसा बांधतील?" तेव्हाचा काझी न्यायाधीश होता आणि बड्या असामींपैकी एक, हे मी समजावून सांगितले. पावसाळ्यात अंबेला पूर आला की नागोठण्यात पाणी शिरते. अशा नदीवर सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ तो दगड टिकून आहे. त्यावरून कोण कोण गेले असेल, कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हे पुलाने कधी विचारले नाही. मुले मग पुलाचा कठडा हाताने चाचपून बघत होती.

रोह्यात खरी शर्यत सुरू झाली. पहिला प्रश्न कुंडलिकेचा: उन्हाळ्यातही या नदीला पाणी कसे? एका दुकानदाराने मुलांना बसवून समजावले. सह्याद्रीपलीकडे मुळशीला अडवलेले पाणी डोंगरावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि वीज करून कुंडलिकेत येते. हे १९२७ पासून चालू आहे. कोलाडला रबरी होड्यांतून उड्या मारणाऱ्या पर्यटकांचा खेळही त्याच पाण्यावर. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी लढा दिला, हे मी मागाहून सांगितले.

दुसरा प्रश्न: रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर कोण, आणि रोह्यात त्यांच्या नावाचे काय आहे? चिंतामणराव देशमुख, १९४३ साली गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या नावाचे इथे महाविद्यालय आहे. त्यांचा जन्म १८९६ सालच्या जानेवारीतला, महाडजवळच्या नाते गावचा. विनोबांचा त्याच्या चारच महिने आधीचा. एकाच जिल्ह्यातली ही दोन मुले. एकाने देशाची तिजोरी सांभाळली, दुसऱ्याने जमीन मागून वाटून टाकली.

तिसऱ्या प्रश्नासाठी पूल ओलांडून अष्टमीत जायचे होते. नगरपरिषदेच्या नावात रोह्याला जोडून अष्टमी का येते, ते तिथल्या माणसांकडून ऐकायचे होते. आता आमची मुलगी सर्वांत पुढे होती. तीन दारे वाजवली, दोन ठिकाणी चहाचा आग्रह झाला. एका खालाजानने तिच्या नानीच्या गावातली ओळख काढली, मग उठणे आलेच. मी घड्याळ दाखवत होते. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

शेवटचा प्रश्न: एक रेल्वे संपते आणि दुसरी सुरू होते ते ठिकाण शोधा. रोहा स्टेशन. इथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पुढे सुमारे ७४० किलोमीटर, रत्नागिरी, गोवा करत मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला. फलाटावर चार गट केव्हाचे पोहोचले होते. आमचा गट सर्वांत शेवटी आला, ओढणीत शेंगा आणि हातात कुणी दिलेली खारीची पिशवी घेऊन.

मी गुण मोजले. पहिल्या आलेल्या गटाची उत्तरे सात. सत्तर आणि वीस, नव्वद. आमच्या गटाची दहाही बरोबर; शंभरातून माझ्या बडबडीचे पाच वजा, पंचाण्णव. धावणाऱ्यांनी हुज्जत घातली, ती रास्तच होती. पण रंगारी पालकांनी निकाल दिला, "जास्त विचारले ते जिंकले."

परतीच्या गाडीत बहुतेक मुले झोपली. ती जागी होती. पेण गेले तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती.

पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. वालाची पोपटी लेकीने स्वतः लावली आणि पाणी घालू दिले नाही, असे हसत सांगितले. मग जरा वेळाने पदराशी चाळा करत विचारले, "मिस, बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो म्हणतात, खरे का?"

मी म्हटले, "खरे आहे. फॉर्म शाळा-कॉलेजातच मिळतो."

"तिच्या अब्बांनी अजून हो म्हटलेले नाही," त्या म्हणाल्या. "पण नाहीही म्हटलेले नाही."

दहावीला अजून एक वर्ष आहे.