उसनें बळ

वाशीम जिल्ह्यांतील आमचें शेलूबाजार नांवाप्रमाणेंच बाजाराचें गांव. सोयाबीन व तूर यांचे भाव येथें पोरासोरांनाही तोंडपाठ असतात. भाव पडला कीं शेतकरी हळहळतो. पण ज्याला निकड नाहीं तो पोतीं घरीं ठेवून वाट पाहतो. माल त्याचा, म्हणून काळही त्याचाच.

हल्लीं सुशिक्षित घरांतून दुसराच एक बाजार शिरला आहे. तो मोबाइलांत मावतो, रात्रीं बंद होत नाहीं, आणि त्यांतला माल डोळ्यांस दिसत नाहीं. तो क्रिप्टोचा. आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, दहा हजारांवर लाखाचा सौदा मिळतो, शिवाय मी स्टॉप-लॉस लावतों. मग भीति कसली?" घरीं ठाऊक आहे काय, असें विचारतां तो नुसता हंसला. असे तरुण आज पुष्कळ घरीं असतील, म्हणून त्याच्या प्रश्नाचा येथें विचार करतों.

या उसन्या बळास लिव्हरेज म्हणतात. बळ दहापट असलें कीं भाव एक टक्का चढतांच दहा हजारांवर हजार मिळतात. पण दहा टक्के उतरतांच मूळ दहा हजार नाहींसे होतात. किंबहुना थोडे आधींच. कारण अनामत ठराविक मर्यादेखालीं गेली कीं पेढी आपण होऊन सौदा मिटविते. दुसऱ्या दिवशीं भाव पूर्ववत् झाला तरी त्याचा काय उपयोग? अंदाज चुकल्यानें तर मनुष्य बुडतोच. येथें मात्र अंदाज बरोबर असूनही, तो खरा ठरेपर्यंत थांबतां न आल्यामुळें बुडतो.

स्टॉप-लॉस म्हणजे अडत्यास आगाऊ दिलेली आज्ञा : भाव अमुक आंकड्यास आला कीं विकून टाक. परंतु आज्ञा म्हणजे हमी नव्हे. भाव पायरीपायरीनें उतरला तर ती नीट पाळली जाते. कोसळला तर मिळेल त्या भावानें विक्री होते. 'अमुक भावाखालीं विकूं नको' अशी जोड दिली, म्हणजे स्टॉप-लिमिट लावला, तर भाव ती मर्यादा ओलांडून उडी घेतो आणि विक्री होतच नाहीं. चढत्या भावामागें सरकणारी ट्रेलिंग आज्ञाही असते. तिचें अंतर फार थोडें ठेविलें तर किरकोळ हिसक्यानेंच सौदा तुटतो.

१० ऑक्टोबर २०२५ चें उदाहरण पाहा. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं चिनी मालावर आणखी शंभर टक्के आयातकर जाहीर केला, आणि बिटकॉइन एका दिवसांत सुमारें १,२२,००० डॉलरांवरून १,०५,००० च्या आसपास आला. घट चौदा टक्क्यांची. परंतु सुमारें १९ अब्ज डॉलरांचे सौदे सक्तीनें मिटविले गेले. पडझड ऐन भरांत होती तेव्हां आपल्याकडे ११ तारखेची उत्तररात्र होती. भाव चढेल या आशेनें दहापट बळ घेऊन निजलेल्याचा सौदा उजाडण्यापूर्वींच संपला होता.

जेथें देखरेख कडक आहे, त्या शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनांतही २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरांतील ९३ व्यक्ति तोट्यांत गेल्याचें सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलें.

द्यूतापायीं झालेलें पित्याचें ऋण पुत्रानें फेडूं नये, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. एकाच्या खेळाचा भार साऱ्या घरावर पडूं नये, ही दृष्टि आजही घेण्याजोगी आहे. एकत्र कुटुंबांतील दहा हजार रुपये क्वचितच एकट्याचे असतात. त्यांत कोणाची फी असते, कोणाचें औषध, कोणाचें बियाणें. तरुणांनीं उसन्या बळास हात लावूं नये हें तर खरेंच; पण वडील मंडळींनींही न रागावतां विचारण्याची संवय ठेवावी. झालेला तोटा ज्या घरांत मोकळेपणीं सांगतां येतो, तेथें तो भरून काढण्यासाठीं दुसरें उसनें घेण्याचा मोह तरी कमी होतो.