पिसाची हकीकत

चि. छोटीस,


जाताना माझ्या कपाटातून तू जो नकाशासंग्रह नेलास, त्याच्या पानांत सापडलेल्या फिकट पिसाची हकीकत तू विचारली आहेस. ते रोहित पक्ष्याचे पीस आहे. राजस्थानातील सांभर सरोवराच्या काठी मी ते उचलले, तेव्हा ते देठाशी पांढरे आणि टोकाकडे गडद गुलाबी होते. दांडीला मिठाचे बारीक कण चिकटले होते. आता रंग उडाला आहे; तो पक्ष्याला पाण्यातील अन्नातूनच मिळालेला असतो.

जयपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, अरवलीच्या टेकड्यांनी वेढलेल्या एका पसरट बशीत हे सरोवर आहे. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. पण खोली पावसाळ्यानंतरही फार तर तीन मीटर, आणि उन्हाळ्यात पाणी गुडघ्यापर्यंतही पोचत नाही. मेंढा, रूपनगढ या नद्या त्यात येऊन मिळतात, परंतु बाहेर जावयास वाट नाही; त्यामुळे त्या जो क्षार आणतात तो तेथेच राहतो, आणि सूर्य पाणी तेवढे शोषून नेतो. हॉलंड आणि ख्रिस्ती या दोन शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, कच्छच्या रणातील मीठ उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर उडत येथवर येते. पुढील संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. तरी ती कल्पना मला अजून मोह घालते. तेथील लोकांचे म्हणणे निराळे: शाकंभरी देवीने प्रसन्न होऊन अरण्याचे रुप्याचे मैदान केले, लोभाने कलह माजतील या भयाने लोकांनी ते परत घेण्याची विनवणी केली, तेव्हा तिने रुप्याचे मीठ केले.

त्या मिठावर जयपूर व जोधपूर या दोन्ही दरबारांचा सामाईक अंमल होता; १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारने ते पट्ट्याने घेतले. पाच किलोमीटर लांबीचा एक बांध सरोवर दुभागतो. त्याच्या पूर्वेस मिठाचे वाफे आहेत, त्यांना तिकडे ‘क्यार’ म्हणतात. पाणी आटत जाते तसतसे सूक्ष्म शैवाल व जीवाणू वाढून वाफे गुलाबी, पुढे जांभळट होतात.

याच शैवालावर आणि त्यावर पोसणाऱ्या बारीक जीवांवर रोहित जगतो. मान वाकवून, चोच उलटी पाण्यात घालून, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर टाकतो. पिल्लू जन्मते करडे. हे अन्न वर्षानुवर्षे खाऊनच त्याच्या पिसांत गुलाबी रंग चढतो. हिवाळ्यात शेकडोंचा थवा उथळ पाण्यात एकाच दिशेने संथ चालताना मी पाहिला आहे. त्यांच्या पायांनी ढवळलेल्या चिखलाचा तो खारट, उग्र वास मला अजून आठवतो.

१९९० मध्ये या पाणथळीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. परंतु नद्यांच्या वाटेत बंधारे झाले, खाजगी मीठवाल्यांनी कूपनलिका खोदल्या, आणि पाणी घटत गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये येथे अठरा हजारांहून अधिक पक्षी एका जीवाणूच्या विषाने मेले. पंख आणि मान लुळी पडून ते पाण्यातच बुडत; प्रेतांवरील अळ्या खाऊन दुसरे विषबाधित होत. ती बातमी वाचल्यावर कित्येक दिवस मला अन्न गोड लागले नाही.

पीस उन्हात ठेवू नकोस, उरलासुरला रंगही जाईल. आणि ते ज्या पानात सापडले त्याच पानावर सांभर शोधून पाहा: नकाशाकाराने ते निळे रंगवले आहे.

तुझा,
काका