वयाचा तारा

छत्रपती संभाजीनगरहून निघालेले यात्रिक दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळला पोहोचतात. ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी पाहून, इंद्रसभेतील तीर्थंकरांना वंदन करून ते डोंगरावरील पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातात. सुमारे १६ फूट उंचीच्या या मूर्तीच्या आसनावर शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३५ चा लेख आहे आणि मूर्ती करविणाऱ्या चक्रेश्वराचे नाव त्यात टिकून आहे. दगडाने जपलेला काळ तेथे हाताच्या अंतरावर भेटतो. प्रकाशाने जपलेला काळ पाहण्यासाठी मात्र सूर्यास्ताची वाट पाहावी लागते.

महावीर जयंतीनंतरचा चैत्र वद्य पक्ष त्यासाठी उत्तम. चौविहार पाळणाऱ्या घरांत तोवर जेवणे आटोपलेली असतात आणि चंद्रही उशिरा उगवतो. म्हैसमाळच्या पठारावर आकाश अधिक गडद दिसते; पण शोधायचे तारे इतके ठळक आहेत की शहरातील घराची गच्चीही पुरते.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. वर्षभरात तो जेवढे अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. स्वातीचा तारा ३७ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणून ३७ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत आज उतरणारा स्वातीचा किरण त्याच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. पंचांगातील जन्मनक्षत्र वेगळे. जन्मवेळी चंद्र जेथे होता, ते नक्षत्र आयुष्यभर तेच राहते. वयाचा तारा मात्र वयाबरोबर बदलतो.

ताऱ्याचा प्रकाश आणि माणसाची आठवण यांची अशी सांगड पूर्वीही घातली गेली आहे. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्याच वेळी तेथे झालेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले. पुढे २७ मे १९३३ रोजी त्याच नगरीत दुसरे प्रदर्शन उघडले, तेव्हा दुर्बिणीतून स्वातीचा प्रकाश टिपून त्याच्या संकेताने दिवे उजळण्यात आले. स्वाती ४० प्रकाशवर्षे दूर आहे, असे त्या वेळी मानले जाई. म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या वर्षी निघालेला किरण दुसऱ्याचे दीप लावणार, ही कल्पना. अंतर ३७ प्रकाशवर्षे असल्याचे पुढे निश्चित झाले. १८९३ चा किरण १९३० मध्येच येऊन गेला होता. भाव खरा होता, हिशेब तेवढा तीन वर्षांनी चुकला.

चैत्रातील एका संध्याकाळी रात्री आठच्या सुमारास बहुतेक साऱ्या कुटुंबाचे तारे एकाच आकाशात सापडतात. नैर्ऋत्येकडील व्याध साडेआठ वर्षांच्या नातवाचा, त्याच्या वरचा प्रश्वा अकरा-बारा वर्षांच्या नातीचा. पुनर्वसूतील तेजस्वी तारा ३४ वर्षांच्या सुनेचा, पूर्वेचा स्वाती ३७ वर्षांच्या धाकट्या मुलाचा, वायव्येचा ब्रह्महृदय ४३ वर्षांच्या थोरल्याचा. पश्चिमेला कललेली रोहिणी पासष्टी ओलांडलेल्या आजीची, तर जवळजवळ डोक्यावर आलेली मघा ७९ वर्षांच्या आजोबांची.

त्यापुढच्या वयासाठी उत्तरेला सप्तर्षी आहेत. त्यांतील पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा आणि वसिष्ठ हे पाचही तारे साधारण ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर आहेत. महाराष्ट्रात सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो, तो याच वयात. हजार पौर्णिमा पाहिलेल्या वृद्धाला गच्चीवर आणून बसविण्याचे निमित्त यापेक्षा सुंदर कोणते? त्यात दिरंगाई मात्र परवडत नाही, कारण वर्ष सरले की तो किरणही पुढे निघून जातो.

काही घरांत ती खुर्ची रिकामी असते. आजोबा असते तर यंदा ऐंशीचे झाले असते, अशी आठवण निघते. त्यांच्या जन्मवर्षी सप्तर्षींतून निघालेला प्रकाश त्यांच्या जाण्याने वाटेत थांबलेला नाही. तो ठरल्या वेळी त्याच गच्चीवर उतरतो आणि नातवाच्या डोळ्यांत पोहोचतो.