बेंगळुरूचा विमान कारखाना सरकारी कसा झाला

महामंदी आणि महायुद्धाने अमेरिकेचे सरकार कसे बदलले, यावर लिहा, असे संपादकांचे पत्र आले. पण गेल्या गणेशोत्सवातल्या एका व्याख्यानापासून माझ्या डोक्यात दुसराच वाद घोळतो आहे. एक श्रोते म्हणाले, एचएएल, म्हणजे बेंगळुरूची सरकारी विमान कंपनी, नेहरूंनी उभारली. दुसरे म्हणाले, नेहरूंनी ती उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्याकडून हिसकावली. दोघांचेही म्हणणे चुकीचे. अर्थेतिहास शिकवण्यात उमर गेल्यावर हे ऐकताना थकवा येतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना सरकारी पाठबळाचे मोल मंदीतच कळले होते. 1932 मध्ये सरकारने आयात साखरेपासून देशी उद्योगाला संरक्षण दिले आणि त्याच लाटेत वालचंदांचा रावळगावचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे युद्ध पेटले. विमानांसाठी त्यांनी अमेरिकन विल्यम पॉली यांना गाठले, म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल दिले आणि 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची, म्हणजे आजच्या एचएएलची, नोंदणी झाली. सहाच दिवसांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून अमेरिकेला लोकशाहीचे शस्त्रागार व्हायला सांगितले. कारखान्यासाठी बेंगळुरू सोयीचे होते: ते किनाऱ्यापासून लांब होते, शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज होती, टाटांच्या पुढाकाराने निघालेली भारतीय विज्ञान संस्था होती.

आता खरा मुद्दा. तो जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. 1941 मध्ये भारत सरकार तिसरा भागीदार झाले. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. त्याच वर्षी सरकारने वालचंदांचे शेअर विकत घेतले. म्हैसूरने मात्र आपले शेअर राखले आणि युद्धापुरता कारभारातला हक्क सोडला. मालकी आणि कारभार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की ‘हिसकावली’सारखे शब्द तोंडी येतात. शिवाय तेव्हा दिल्लीत ब्रिटिशांचे राज्य होते. नेहरूंकडे कसलीही सत्ता नव्हती आणि ऑगस्टमध्ये तर ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैद झाले.

1943 मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन हवाई दलाकडे गेला. तिथे डाकोटा, लिबरेटर, कॅटालिना विमानांची दुरुस्ती होऊ लागली. हजारो स्थानिक कामगारांचे हात त्या कामात तयार झाले. विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग 1942 मध्येच निघाला होता. कोल्हापूरकडचे डॉ. वि. मा. घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आले होते. त्यांच्या आराखड्यावर झालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये बेंगळुरूहूनच उडाले. मराठी माणसाला घाटग्यांचे नाव ठाऊक नसावे, याची मला खंत वाटते.

संपादकांनी विचारलेल्या अमेरिकेतही सरकार असेच वाढले. 1933 मध्ये तिथला दर चौथा कामगार बेकार होता, 1944 मध्ये शंभरात जेमतेम एक. रूझवेल्ट यांच्या न्यू डील या मंदीविरोधी कार्यक्रमाने सरकारला लोकांच्या पोटापाण्याची जबाबदारी घ्यायला लावली; युद्धाने त्याला कारखाने उभारायला लावले. मात्र सरकारी पैशाने बांधलेले त्यातले बरेचसे कारखाने युद्धानंतर खासगी कंपन्यांना विकले गेले. आपल्याकडे तसे झाले नाही. नेहरूंनी बेंगळुरूचा कारखाना उभारला नाही आणि हिसकावलाही नाही. युद्धाने सरकारच्या हाती दिलेला कारखाना त्यांनी सरकारकडेच ठेवला आणि वाढवला. आजही या कंपनीचे बहुतांश शेअर केंद्र सरकारकडेच आहेत.