यंदाची यादी, अण्णांच्या कानांनी

दर वर्षी ऑगस्ट आला की मी पुण्यातल्या सीझनची एक यादी करतो. अर्थातच एक्सेलमध्ये. कार्यक्रम, ठिकाण, तिकीट कुठे मिळतं, गाडी कुठे लावायची, आणि शेवटचा कॉलम 'गेलो का?'. या शेवटच्या कॉलममध्ये गेली पाच वर्षं बहुतेक ठिकाणी 'नाही' आहे. वाकडहून संध्याकाळी सहाला सदाशिव पेठेत पोचायचं तर साडेचारला निघायला हवं, आणि साडेचारला आमच्या लंडनच्या क्लायंटला नेमके प्रश्न पडायला लागतात. असो.

यंदा यादीत एक कॉलम वाढलाय. 'अण्णांना ऐकू येईल का?'

अण्णा म्हणजे माझे वडील. मुक्काम मिरज. आता मिरजेचं तुम्हाला माहीत असेलच. सतारी आणि तंबोऱ्यांचं गाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. दर वर्षी उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. लहानपणी अण्णा मला घेऊन जायचे आणि मी त्यांच्या मांडीवर झोपायचो. माझं संगीतशिक्षण एवढंच.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरू १९५२ ला गेले, आणि १९५३ पासून भीमसेनांनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. त्यामुळे अण्णांच्या हिशोबात 'सवाई' हा पुण्याचा कार्यक्रम नाहीच, तो मिरजेचा आहे, फक्त पुण्यात होतो! माझ्या जन्माआधी ते एकदा रमणबागेत रात्रभर बसून आले होते. तेव्हा गाणं पहाटेपर्यंत चालायचं. मी नोकरीला पुण्यात आल्यापासून दर डिसेंबरात त्यांचा फोन, "काय रे, गेलतास काय सवाईला?" मी म्हणायचो, "रिलीज होतं अण्णा." रिलीज म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही. सुटका होत नाही एवढं त्यांना कळलं असावं.

गेल्या वर्षी अण्णांना दोन्ही कानांना मशीन लागलं. ऐकू कमी येतंय हे त्यांनी आमच्यापासून बरेच दिवस लपवलं होतं. मी ठरवलं, आता टाळायचं नाही. डिसेंबरात त्यांना घेऊन सवाईला गेलो. पुढची खुर्ची मिळावी म्हणून लवकर जाऊन बसलो. तंबोरे लागले, गाणं सुरू झालं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत अण्णांनी दोन्ही मशीनं काढून खिशात घातली. "तू ऐक," म्हणाले. मग दोन तास ते नुसते गाणाऱ्याच्या हाताकडे बघत बसले. मला वाटलं रागावलेत. उगाच आणलं असं झालं.

दुसऱ्या दिवशी कोयना एक्स्प्रेसमध्ये बसवायला गेलो तेव्हा म्हणाले, "तंबोराच ऐकायला येईना रे. माणूस कशावर उभा राहून गातोय तेच कळंना."

ते वाक्य डोक्यातून जाईना. तंबोरा तर सतत वाजत असतो, मग नेमका तोच कसा गायब होईल? शेवटी इंजिनिअर माणूस, वाचत बसलो. आणि उत्तर वाचून हसावं की रडावं कळेना. श्रवणयंत्र बनवलेलं असतं बोलणं ऐकण्यासाठी. बोलण्याचा आवाज सारखा वरखाली होतो. जो आवाज न थांबता एकसारखा येत राहतो तो पंख्याचा किंवा गाडीच्या इंजिनचा असणार, असं धरून यंत्र तो कमी करतं. शिवाय मशीन शिट्टी मारू नये म्हणून एक सोय असते, ती लांबलेल्या सुरालाच शिट्टी समजून दाबायला बघते. म्हणजे मिरजेच्या माणसाच्या कानातलं मशीन तंबोऱ्याला गोंगाट समजून गाळत होतं! बग नाही, फीचर. आणि आमच्या लवकर येऊन पटकावलेल्या पुढच्या खुर्चीने भर घातली. स्पीकरचा एवढा मोठा आवाज यंत्राला झेपत नाही, तो वरून कापला जातो आणि फाटका ऐकू येतो.

याला उपाय असतो. ऑडिऑलॉजिस्टला सांगितलं की ते मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून देतात. त्यात ही गाळणी बंद किंवा अगदी कमी केलेली असते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. जूनमध्ये जाऊन तो टाकून घेतला. घरी मोबाइलवर तंबोरा लावून बघितला तर अण्णा म्हणाले, "पंचम आहे, खर्ज नाही." मी हिरमुसलो. मग लक्षात आलं की मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज मलाही नीट ऐकू येत नाहीये.

सरळ सतारमेकर गल्लीत गेलो. ओळखीचंच दुकान. त्यांनी नवा तंबोरा भिंतीला टेकवून छेडला, जवारीचा दोरा थोडा इकडेतिकडे सरकवला, पुन्हा छेडला. अण्णा स्टुलावर बसून होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आला." आणि पाच मिनिटांनी, "पहिल्यासारखा न्हाई. पण आला."

तर ही यंदाची यादी. डिसेंबरला एकदम प्रॉडक्शनवर जायचं नाही, आधी टेस्टिंग. घरात कुणाला कानाचा त्रास असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल. नसेल तरी कार्यक्रम चांगलेच आहेत. तारखा मात्र त्या त्या वेळी बघून घ्या.

पुरुषोत्तम करंडक, ऑगस्ट-सप्टेंबर, भरत नाट्य मंदिर. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. २०२२ साली एकही एकांकिका त्या दर्जाची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. मला ते फार आवडलं होतं. अंतिम फेरीचं तिकीट मिळणं मुश्कील, प्राथमिकला जा. पोरं खणखणीत बोलतात, त्यामुळे अण्णांना पुढची रांग चालेल. मधल्या वेळात मात्र जो आरडाओरडा होतो तेव्हा मशीन खिशात.

नवरात्र, मिरज. हे पुण्याबाहेरचं, पण टेस्टिंगसाठी यादीत. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात रोज गाणं-बजावणं असतं. घरापासून चालत दहा मिनिटं. नाही जमलं तर उठून घरी येता येतं. नवीन प्रोग्रॅमची खरी परीक्षा इथेच होईल.

भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापलेली संस्था. इथली व्याख्यानं म्हणजे एक वक्ता, लहान सभागृह, अजिबात घाई नाही. कानाला याहून सोपं काही नाही. मी स्वतः सहा वर्षांत एकदाच गेलोय, आणि त्या दिवशी श्रोत्यांत सगळ्यात लहान मीच होतो.

पुणे पुस्तक महोत्सव, डिसेंबर, फर्ग्युसनचं मैदान. २०२३ पासून सुरू झाला. इथे कान लागतच नाहीत. गुडघे लागतात. शनिवार-रविवार टाळा.

पिफ, जानेवारीच्या आसपास. २००२ पासूनचा चित्रपट महोत्सव. मी अण्णांना सांगितलं की इराणी, कोरियन सिनेमे असतात, खाली इंग्रजीत अक्षरं येतात. म्हणाले, "मग बरंय की. तिथं सगळेच माझ्यासारखे."

वसंत व्याख्यानमाला, २१ एप्रिल ते २० मे, टिळक स्मारक मंदिर. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. महिनाभर रोज एक विषय. अण्णा उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले तर रोजची संध्याकाळची सोय झाली.

आणि सवाई. डिसेंबरात, पाच दिवस. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत जाते, तिथून रिक्षा. रात्री दहाची मर्यादा असते, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. खाली भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त आणि तिथे बसायला मजाही जास्त, पण यंदा खुर्ची. मधल्या भागात, स्पीकरपासून लांब. गाणं सुरू व्हायच्या आधी मशीनचं बटण दाबून प्रोग्रॅम बदलायचा, हे मी लक्षात ठेवायचं. शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती अण्णांनी ऐकावी एवढीच माझी इच्छा आहे. जुनं ध्वनिमुद्रण आहे, खरखर असणार, ती मशीनने गाळली तर चालेल.

काल फोनवर त्यांना ही यादी वाचून दाखवली. हल्ली फोनवर त्यांना जरा मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटलाही पाठ झाली असेल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो की. पण न्हाई ऐकायला आलं तर मागच्या वर्षीसारखं तोंड पाडून बसायचं नाहीस. ते हात बघायलाबी बरं वाटत होतं मला."

मला हे माहीतच नव्हतं. वर्षभर मी समजत होतो की त्यांची ती संध्याकाळ वाया गेली.

डिसेंबरच्या रजेचा मेल मॅनेजरला आजच टाकलाय. ऑगस्टमध्ये डिसेंबरची रजा मागणारा मी पहिलाच असेन. रिलीज असेल तर असो.